वह्यांचे कारभारी

पुणें शहरास कागद जपण्याची संवय फार जुनी आहे. पेशवे दफ्तराची इमारत इ. स. १८९१ मध्यें उभी राहिली. तींत मोडी कागदांचे हजारों रुमाल बांधून ठेविलेले आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनीं निवडलेल्या कागदांचे ४५ भाग इ. स. १९३० नंतरच्या चार-पांच वर्षांत छापून निघाले, तेव्हां कोठें त्या रुमालांतील मजकूर अभ्यासकांच्या सहज हातीं लागला. येरवड्यास डेक्कन कॉलेजांत डॉ. सु. मं. कत्रे ह्यांनीं इ. स. १९४८ मध्यें संस्कृत महाकोशाचें काम आरंभिलें. त्यासाठीं सुमारें दीड हजार ग्रंथ वाचून जवळ जवळ एक कोटि चिठ्ठ्या तयार झाल्या व त्या अकारविल्ह्यानें लावून ठेवण्यांत आल्या. कोशाचा पहिला भाग बाहेर पडावयास मात्र १९७६ साल उजाडलें.

कागद ठेवणें ही एक विद्या आहे, आणि ठेविलेला कागद हवा त्या क्षणीं, हवा तोच, काढून देणें ही निराळी विद्या आहे. पहिलीस जागा व कपाट पुरतें. दुसरीस पद्धति लागते. ही दुसरी विद्या आज संगणकाच्या साह्यानें चालते, व ती चालविणाऱ्या मनुष्यास डेटाबेस-प्रशासक किंवा रोजच्या बोलण्यांत ‘डीबीए’ म्हणतात. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील कचेऱ्यांत असें काम करणारे पुष्कळ आहेत. तथापि हा मनुष्य करतो तरी काय, असें वर्गांत विचारलें असतां ‘संगणकावर कांहीं तरी’ ह्यापलीकडे उत्तर मिळत नाहीं. ह्यांत मुलांचा दोष नाहीं. प्रोग्रॅम लिहिणाराचें काम पडद्यावर दिसतें; ह्याचें काम जोंपर्यंत नीट चाललें आहे तोंपर्यंत कोणास दिसतच नाहीं, आणि बिघडलें म्हणजे एकदम सर्वांस दिसतें. म्हणून ह्या विद्येची ओळख करून देण्याचें व ती कशी शिकावी हें सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

शाळेच्या कचेरींतील वह्यांपासूनच आरंभ करूं. जनरल रजिस्टरांत प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ असते. तींत त्याचें नांव, जन्मतारीख, मागील शाळा, प्रवेशाचा दिनांक वगैरे रकाने असतात. त्या ओळीस एक क्रमांक असतो व तो पुन्हां दुसऱ्या कोणास दिला जात नाहीं. ग्रंथालयाच्या वहींत प्रत्येक पुस्तकाची एक ओळ व त्याचा दाखलअंक असतो. तिसरी वही देवघेवीची. आतां समजा, ग्रंथपालानें देवघेवीच्या वहींत दर वेळीं विद्यार्थ्याचें पूर्ण नांव, पत्ता, तुकडी, पुस्तकाचें नांव, लेखक, किंमत असें सर्व लिहावयाचें ठरविलें. वाचनाची आवड असलेल्या एका मुलाचा पत्ता वर्षांत चाळीस वेळां लिहिला जाईल. त्याचें कुटुंब कसबा पेठेंतून हडपसरास राहावयास गेलें म्हणजे चाळीस ठिकाणीं दुरुस्ती करावी लागेल. त्यांतील दोन ठिकाणें राहून जातील, आणि तीन महिन्यांनीं खरा पत्ता कोणता ह्याविषयीं वाद होईल. शहाणा ग्रंथपाल असें करीत नाहीं. तो देवघेवीच्या वहींत दोन क्रमांक व दोन तारखा एवढेंच लिहितो: विद्यार्थ्याचा क्रमांक, पुस्तकाचा दाखलअंक, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. बाकीची माहिती ज्या त्या वहींत एकदांच राहते.

ह्या शहाणपणास शास्त्राचें रूप एडगर कॉड ह्या मूळच्या इंग्रज गणितज्ञानें दिलें. अमेरिकेंत आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेंत असतां त्यानें जून १९७० मध्यें अकरा पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सर्व माहिती साध्या कोष्टकांत मांडावी. प्रत्येक ओळ तिच्या किल्लीवरून ओळखावी. एका कोष्टकांतून दुसऱ्याकडे जावयाचें तें त्या किल्लीच्या आधारें जावें. कागद कोणत्या कपाटांत पडला आहे हें विचारणाऱ्यास ठाऊक असण्याची गरज पडूं नये. गणितांत अशा कोष्टकास ‘रिलेशन’ म्हणतात, व रिलेशनल डेटाबेस हें नांव त्यावरून पडलें. कोष्टकांमधील नात्यांवरून तें पडलें असें पुष्कळ शिक्षकहि सांगतात, पण तें बरोबर नाहीं. पुढें इ. स. १९७४ मध्यें त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस ह्यांनीं अशा कोष्टकांस प्रश्न विचारण्याची एक भाषा रचली. तिचेंच आजचें नांव ‘एसक्यूएल’. ऑरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट हीं नांवें वाचकांच्या कानांवरून गेलीं असतील. तीं ह्या एकाच कल्पनेचीं निरनिराळीं दुकानें समजावींत. एका ठिकाणीं मनुष्य नीट शिकला म्हणजे दुसऱ्या ठिकाणीं त्यास बुजावयास नको.

आमच्या ग्रामीण भागांतील वाचकांस ह्याहून जवळचें उदाहरण सातबाऱ्याचें आहे. गांव नमुना सात हा जमिनीवरील अधिकारांचा अभिलेख, व बारा ही पिकांची नोंदवही. सात हा गट क्रमांकावरून लाविलेला असतो. आठ-अ हा खातेदारावरून. जमीन तीच, धनी तेच. एकांत ‘ह्या गटाचा धनी कोण’ हें मिळतें, दुसऱ्यांत ‘ह्या धन्याचे गट कोणते’ हें मिळतें. हातानें लिहावयाचें तेव्हां दोन वह्या ठेवाव्या लागत, व दोहोंचा मेळ बसेलच असा भरंवसा नसे. मूळ नोंद एकच ठेवून तिला दोन प्रश्न विचारले, म्हणजे मेळ बसविण्याचें काम उरतच नाहीं.

नमुना सहा ही फेरफाराची वही. खरेदी झाली, वारस लागला, वांटणी झाली, कीं तलाठी (आतां त्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) ती गोष्ट प्रथम सहांत लिहितो. संबंधितांस नोटीस जाते. हरकतीची मुदत संपली म्हणजे मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आणि मग तिचा अंमल सातांत दिला जातो. मध्येंच कांहीं अडलें तर सात जसा होता तसाच राहतो. डेटाबेसच्या भाषेंत ह्यास ‘ट्रान्झॅक्शन’ म्हणतात: काम होईल तर सबंध होईल, नाहीं तर कांहींच झालें नाहीं असें धरलें जाईल. एका भावाचें नांव कमी झालें आणि दुसऱ्याचें अजून चढलें नाहीं, अशी अर्धवट स्थिति बाहेरच्या मनुष्यास क्षणभरहि दिसतां कामा नये. हे उतारे आतां संगणकावर आले आहेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळूं लागला, आणि राज्याच्या जमाबंदी आयुक्तांची कचेरी आमच्या पुण्यांतच आहे. अशा कोष्टकांतील एक ओळ कोणाच्या निष्काळजीपणानें पुसली गेली, तर ती ओळ म्हणजे कोण्या तरी विधवेचें दीड एकर रान असूं शकतें. प्रशासकाच्या कामाचें वजन येथें आहे. त्याच्या पगारावरून तें मोजूं नये.

आतां शोधण्याकडे वळूं. दहा लाख ओळींच्या कोष्टकांत एक नांव शोधावयाचें असेल, तर सरळ मार्ग म्हणजे पहिलीपासून शेवटचीपर्यंत सर्व ओळी वाचून काढणें. यंत्र हें कंटाळल्याशिवाय करतें. परंतु खिडकीशीं रांगेंत उभा असलेला मनुष्य कंटाळतो. डेक्कन कॉलेजांतील चिठ्ठ्या अकारविल्ह्यानें लाविल्या त्याचें कारण हेंच: कोणताहि शब्द घ्या, तो कोणत्या ग्रंथांत कोठें आला आहे हें पाहण्यासाठीं दीड हजार ग्रंथ पुन्हां चाळावे लागत नाहींत. डेटाबेसमध्यें अशा लावलेल्या चिठ्ठ्यांस ‘इंडेक्स’ म्हणतात. त्याची रचना झाडासारखी असते. एका पानावर शंभर वाटा दाखविल्या असल्या, तर चार पायऱ्यांत दहा कोटि नोंदींपैकीं हवी ती गांठतां येते. कारण शंभराचा चौथा घात दहा कोटि होतो. अंकगणिताच्या तासाला घातांकांचा उपयोग काय, असें विचारणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

मग प्रत्येक रकान्यास इंडेक्स कां करूं नये? कारण नवी ओळ आली कीं तिची चिठ्ठी प्रत्येक इंडेक्समध्यें जागच्या जागीं घालावी लागते. दहा इंडेक्स असतील तर एका नोंदीबरोबर दहा चिठ्ठ्या. कोणता इंडेक्स ठेवावा व कोणता काढावा हें ठरविण्यांत प्रशासकाचा कस लागतो. तें अंदाजानें ठरवूं नये. ‘एक्सप्लेन’ अशी एक आज्ञा आहे. ती दिली म्हणजे आपला प्रश्न सोडविण्यासाठीं डेटाबेस कोणती वाट धरणार आहे, किती ओळी भेटतील असें त्यास वाटतें, हें तो स्वतःच सांगतो. ती वाट वाचावयास शिकणें हें आमच्या मतें ह्या धंद्यांतील पहिलें खरें कौशल्य होय. संथ चाललेल्या कामावर मोठें यंत्र विकत आणणें हा उपाय श्रीमंत कचेऱ्या पुष्कळदां करतात. दोन ओळींच्या इंडेक्सनें तेंच काम फुकट झालें असतें.

ह्या विद्येंतील सर्वांत सुंदर युक्ति व्यापाऱ्यांच्या पेढीवर कधींपासूनच आहे. पेढीवर दिवसभरांत जो व्यवहार होतो तो घडेल त्या क्रमानें रोजकीर्दींत उतरतो. खतावणींतील ज्याच्या त्याच्या खात्यावर तो मागाहून सवडीनें चढतो. खतावणी हरवली तरी मुनीम घाबरत नाहीं, कारण कीर्द असली म्हणजे खतावणी पुन्हां उभी करतां येते. डेटाबेस हेंच करतो. कोष्टकांत बदल करण्यापूर्वीं तो बदल एका क्रमवार लॉगमध्यें लिहिला जातो व डिस्कवर पक्का होतो. कोष्टकाचीं पानें मागाहून बदलतात. मध्येंच वीज गेली, तर यंत्र पुन्हां सुरू होतांच लॉग वाचून जें पुरें झालें होतें तें पुन्हां चढवितें, व जें अर्धवट होतें तें धरीत नाहीं. ह्यावरून आणखी एक सोय निघते. रविवारीं रात्रीं घेतलेली सबंध नक्कल हातीं असली, व त्यापुढील लॉग सांभाळला असला, तर बुधवारीं दुपारीं दोन वाजून दहा मिनिटांनीं डेटाबेस जसा होता तसा उभा करतां येतो. सव्वादोनला कोणीं तरी भलतेंच पुसलें असेल, तर तेवढ्यापुरतें काळ मागें फिरविल्यासारखेंच झालें. अर्थात् लॉगहि दुसऱ्या यंत्रावर जात असला पाहिजे. कीर्द व खतावणी एकाच आगींत जळाल्या तर युक्ति कसली?

नकलेचा विषय निघालाच आहे, तर त्याविषयीं विस्तारानें लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें; कारण प्रशासकाचीं बाकीचीं सर्व कामें चुकलीं तर गैरसोय होते, हें एक चुकलें तर सर्वनाश होतो.

१२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं पानशेतचें धरण फुटलें, त्यामागोमाग खडकवासल्याचें, आणि मुठेचें पाणी नदीकांठच्या पेठांत शिरलें. ज्या घरांत मूळ दस्तऐवज व त्याची नक्कल एकाच संदुकींत होती, त्या घरास नकलेचा काय उपयोग झाला असेल हें सांगावयास नको. संगणक-व्यवसायांत एक साधा नियम आहे: माहितीच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, व निदान एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं असावी. पुणेंकरांपुरता आम्ही त्याचा अर्थ असा करतों कीं, ती तिसरी प्रत मुठेच्या त्याच कांठावर नसावी.

येथें दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. मुख्य यंत्राशेजारीं दुसरें यंत्र ठेवून त्यावर प्रत्येक बदल तत्काळ उमटेल अशी व्यवस्था करतात. ती फार उपयोगी आहे, पण ती नक्कल नव्हे. मुख्य यंत्रावर चुकून कोष्टक पुसलें तर शेजाऱ्यावरहि तें त्याच क्षणीं आज्ञाधारकपणें पुसलें जातें. दुसरें, चालू असलेल्या डेटाबेसच्या फायली नुसत्या उचलून दुसरीकडे ठेवणें हीहि नक्कल नव्हे. ग्रंथपाल लिहीत असतांना त्याच्या वहीचीं पानें एकेक करून फोटोंत घेतलीं, तर पहिलें पान दहा वाजतांचें व शेवटचें सव्वादहाचें निघेल. त्यांचा एकमेकांशीं मेळ बसणार नाहीं. त्यासाठीं प्रत्येक डेटाबेसनें स्वतःची रीत ठरवून दिलेली असते, तीच पाळावी.

ह्या बाबतींत गिटलॅब नांवाच्या कंपनीची हकीकत प्रत्येक शिकाऊ प्रशासकानें वाचण्यासारखी आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं तेथील एक थकलेला प्रशासक दुय्यम यंत्रावरील बिघडलेली प्रत काढून टाकून नवी प्रत चालू करण्याच्या खटपटींत होता. पुसण्याची आज्ञा त्यानें दिली ती मुख्य यंत्रावर. एक-दोन सेकंदांतच चूक ध्यानांत आली. तोंपर्यंत सुमारें तीनशें गिगाबाइट माहिती नाहींशी झाली होती. मग नकला शोधावयास गेले. रोजची नक्कल तयारच होत नव्हती, कारण नक्कल घेणारी आज्ञा जुन्या आवृत्तीची व डेटाबेस नव्या आवृत्तीचा असा घोळ होता. नक्कल फसली असें कळविणारीं पत्रें यंत्र पाठवीत होतें, पण तीं कोणास पोंचत नव्हतीं. पांच निरनिराळ्या व्यवस्था कागदावर होत्या. गरजेच्या वेळीं त्यांपैकीं एकहि धड उपयोगी पडली नाहीं. सुदैवानें सुमारें सहा तासांपूर्वीं कोणीं तरी दुसऱ्याच कामासाठीं हातानें घेतलेली एक प्रत होती. तिच्यावरून सर्व पुन्हां उभें केलें, व मधल्या सहा तासांतील नोंदी गेल्या त्या गेल्याच. कंपनीनें हा सर्व प्रकार न लपवितां तपशीलवार प्रसिद्ध केला. असा मनाचा मोठेपणा आमच्या इकडे क्वचित् दिसतो.

ह्या हकीकतींतून निघणारे नियम लहान आहेत, पण पाळणारे थोडे. मुख्य यंत्राच्या पडद्याचा रंग व नांव इतरांहून स्पष्ट निराळें असावें. पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वीं त्याच अटीनें ‘सिलेक्ट’ करून किती ओळी येतात तें पाहावें. पांच अपेक्षित असतां पन्नास हजार आल्या तर हात मागें घ्यावा. अशी आज्ञा ट्रान्झॅक्शन उघडूनच द्यावी, म्हणजे ‘रोलबॅक’ म्हणण्याची सोय राहते. मध्यरात्रीनंतर एकट्यानें नाजूक काम करूं नये. आणि सर्वांत मुख्य: नक्कल घेतली म्हणजे काम झालें असें न समजतां, निदान महिन्यांतून एकदां ती नक्कल रिकाम्या यंत्रावर उतरवून, डेटाबेस खरोखर उभा राहतो कीं नाहीं व त्यास किती वेळ लागतो, हें घड्याळ लावून पाहावें. जी नक्कल कधीं उतरवून पाहिली नाहीं, ती आहे असें म्हणण्यास आधार काय?

मराठी माहिती सांभाळणारास आणखी एक अडचण असते, व तिच्याविषयीं इंग्रजी पुस्तकांत विशेष कांहीं सांपडत नाहीं. आपल्या वर्णमालेंत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, त्यानंतर ‘क्ष’ व ‘ज्ञ’. युनिकोडच्या अंकांत मात्र ‘ळ’ हा ‘ल’ला चिकटून, ‘व’च्या आधीं बसविलेला आहे, आणि ‘क्ष’ हें जोडाक्षर असल्यामुळें तें ‘क’मध्यें जाऊन पडतें. म्हणून डेटाबेसला नुसतें ‘नांवें क्रमानें लाव’ म्हटलें, तर क्षीरसागर हें आडनांव खरे आणि गाडगीळ ह्यांच्याहि आधीं येऊन बसतें. हें टाळण्यासाठीं डेटाबेस उभा करतांनाच मराठीचा वर्णक्रम निवडावा लागतो. मागाहून बदलावयाचा तर सर्व इंडेक्स नव्यानें बांधावे लागतात. ‘कऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यांतील अर्धा र दोन-तीन निरनिराळ्या रीतींनीं टंकतां येतो. डोळ्यांस अक्षर एकच दिसतें, यंत्राच्या लेखीं शब्द निरनिराळे. मग एका कारकुनानें घातलेलें कऱ्हाड दुसऱ्यानें शोधलें असतां सांपडत नाहीं, व गांव यादींतून नाहींसें झाल्याची तक्रार येते. नोंद घेतांनाच सर्व रूपें एका रूपांत आणण्याचा दंडक घालणें हाच त्यावर उपाय आहे.

जुन्या कचेऱ्यांत तर ह्याहून बिकट प्रसंग येतो. सी-डॅक ही संस्था इ. स. १९८८ मध्यें पुण्यांत स्थापन झाली व भारतीय लिपि संगणकावर आणण्यांत तिचा मोठा वांटा आहे. परंतु युनिकोड रूढ होण्यापूर्वीं निरनिराळ्या फाँटांच्या खास संकेतांत पुष्कळ मराठी मजकूर टंकिला गेला. तो फाँट नसला म्हणजे तेथें नुसतीं वेडींवांकडीं इंग्रजी चिन्हें दिसतात. असा मजकूर युनिकोडमध्यें आणणें हें मोडी वाचण्यासारखेंच चिकाटीचें काम आहे, आणि मराठी न जाणणारा मनुष्य तें करूं शकत नाहीं. मराठी माध्यमांत शिकलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

कोणास काय पाहूं द्यावें हाहि प्रशासकाच्या अधिकारांतील विषय आहे. हजेरी लिहिणारास फीची वही उघडतां येऊं नये. फी घेणारास गुण बदलतां येऊं नयेत. डेटाबेसमध्यें ‘ग्रँट’ व ‘रिव्होक’ ह्या आज्ञांनीं हें साधतें. सोयीसाठीं सर्वांस एकच सर्वाधिकारी खातें वापरूं देणें हा आळस होय. मग कोणीं काय केलें हें कधींच कळत नाहीं. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा इ. स. २०२३ मध्यें संमत झाला असल्यामुळें हा प्रश्न आतां केवळ शिस्तीचा राहिलेला नाहीं.

मात्र यंत्राची शिस्त म्हणजे सत्य नव्हे. जन्मतारखेच्या रकान्यांत खरी तारीखच असावी, रकाना रिकामा राहूं नये, एवढें बंधन डेटाबेस घालूं शकतो. परंतु महाराष्ट्रांतील मागील पिढ्यांच्या शाळांच्या दाखल्यांवर १ जून ही जन्मतारीख किती जणांची आढळते हें सर्वांस ठाऊक आहे. गुरुजींनीं शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख घालून दिली. ती तारीख नियमांत चोख बसते, आणि बहुतेकांच्या बाबतींत खोटी असते. तक्ता पाहणाऱ्या परदेशी मनुष्यास ह्या देशांत त्या दिवशीं इतकीं मुलें कां जन्मतात असें कोडें पडेल. आपल्या माहितीचा असा इतिहास जाणणें हाहि प्रशासकाच्या विद्येचाच भाग आहे.

आतां ही विद्या शिकावी कशी? तीन महिन्यांत तज्ज्ञ करून सोडण्याचीं आश्वासनें देणारे वर्ग ह्या शहरांत ठिकठिकाणीं आहेत. प्रमाणपत्रानें मुलाखतीचें दार उघडतें हें खरें. परंतु पहिल्याच मोठ्या बिघाडाच्या रात्रीं प्रमाणपत्र कोणी पाहत नाहीं. आमचा सल्ला असा कीं, प्रथम पैसे खर्चूं नयेत. पोस्टग्रेस हा डेटाबेस अमेरिकेंतील बर्कली विश्वविद्यालयांत प्रा. मायकेल स्टोनब्रेकर ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं इ. स. १९८६ पासून तयार झाला, व आज तो कोणासहि विनामूल्य मिळतो. घरांतील जुना लॅपटॉप त्यास पुरतो. तोहि नसेल तर एसक्यूलाइटवर प्रश्नांची भाषा शिकतां येते. तो इतका लहान आहे कीं खिशांतल्या मोबाइलमध्येंहि आधींपासूनच बसलेला असतो.

पोस्टग्रेसबरोबर त्याचा मूळ ग्रंथहि फुकट मिळतो. तो अडीच-तीन हजार पानांच्या घरांत आहे हें ऐकून छाती दडपूं देऊं नये; आरंभीं नवशिक्यांसाठीं छोटा पाठ आहे, आणि पुढें कारभाराचा एक स्वतंत्र भाग आहे. तेवढें वाचलें तरी पुष्कळ झालें. त्यांतील इंग्रजी वाक्यें सरळ असतात. शेक्सपिअर वाचावयास लागणाऱ्या इंग्रजीच्या दशांशानेंहि काम भागतें. पाठ्यपुस्तक म्हणून सिल्बरशॅट्झ, कोर्थ व सुदर्शन ह्यांचें पुस्तक चांगलें आहे, ह्यांतील प्रा. सुदर्शन हे मुंबईच्या आय. आय. टी. मधील अध्यापक. एनपीटीईएलवर ह्या विषयाचीं व्याख्यानें विनामूल्य ऐकतां येतात. कॉडचा निबंध अकरा पानांचाच आहे. पहिल्या वाचनांत अर्धा कळेल, दोन वर्षांनीं पुन्हां वाचावा.

परंतु वाचन हें अर्धें काम. सरावासाठीं तयार डेटाबेस पुष्कळ मिळतात. त्यांपेक्षां आपल्या शाळेच्या ग्रंथालयाचा डेटाबेस स्वतः बांधावा असें आम्ही सांगूं. ग्रंथपालांची परवानगी घेऊन पांचशें पुस्तकें भरावीं; विद्यार्थ्यांचीं नांवें मात्र खोटीं घालावीं. प्रथम सर्व एकाच कोष्टकांत भरून पाहावें, म्हणजे त्रास कोठें होतो तें कळेल. मग तीन कोष्टकें करावींत. नंतर एका छोट्या प्रोग्रॅमनें दहा लाख खोट्या देवघेवी भरून इंडेक्सशिवाय व इंडेक्ससह एकच प्रश्न विचारावा, व दोन्ही वेळा वहींत टिपून ठेवाव्या. दोन मित्रांनीं दोन पडदे उघडून असा प्रसंग मुद्दाम आणावा कीं पहिल्यानें एक ओळ धरून दुसरी मागावी, व दुसऱ्यानें दुसरी धरून पहिली मागावी. दोघेहि अडून बसल्यावर डेटाबेस हा पेंच ओळखून एकाचें काम कसें रद्द करतो तें पाहावें.

शेवटचा पाठ मोडतोडीचा. नक्कल घ्यावी, ती पेन-ड्राइव्हवर घालून मित्राच्या घरीं नेऊन ठेवावी, आणि मग आपला डेटाबेस समूळ पुसून टाकावा. दुसऱ्या दिवशीं, कोणासहि न विचारतां, फक्त स्वतः लिहून ठेविलेल्या टिपणावरून तो पुन्हां उभा करावा. बहुतेकांच्या टिपणांत पहिल्या वेळीं एखादी पायरी सुटलेली असते: परवलीचा शब्द कोठें आहे तें लिहिलेलें नसतें, किंवा कोष्टकें परत येतात पण ती वापरण्याचे अधिकार परत येत नाहींत. ती पायरी टिपणांत घालावी, व पुढच्या शनिवारीं तेंच टिपण मित्राच्या हातीं देऊन त्यास डेटाबेस उभा करावयास सांगावें. आपण बाजूस बसावें आणि तोंडानें एक अक्षरहि बोलूं नये.